मंगळवार सोडून या

संभाजीनगरातले आमचे घर नात्यागोत्यात एका कारणासाठी प्रसिद्ध आहे. वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या कुणालाही तिथे अंथरूण मिळते. तीसेक वर्षे हा राबता चालू आहे. आलेल्या पाहुण्याला काय पाहायचे ते ठाऊक असते, कारण शाळेच्या पुस्तकापासून मोबाइलपर्यंत सगळ्यांनी ते त्याला सांगून ठेवलेले असते. ठाऊक नसते ते दुसरेच. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. हे न विचारता निघालेला एक तरी पाहुणा दर हिवाळ्यात मंगळवारी सकाळी वेरूळच्या फाटकाशी उभा राहून मला फोन करतो. मग मी त्याला घृष्णेश्वराकडे वळवतो.

कैलास लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे. उत्साही माणूस सकाळी सातला नाश्ता न करता निघतो, आठला सावलीतला कैलास बघतो आणि फोटो काळे आले म्हणून हळहळतो. दुपारी तीननंतर ऊन आत शिरते तेव्हा तो बीबी का मकबऱ्यापुढे घाम पुसत असतो. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूर तिठ्याला सोडून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, हेही त्याला तिथे गेल्यावरच कळते. थोडक्यात, जागांची यादी कुणीही देतो, वेळ मात्र गावचा माणूसच सांगू शकतो. हे मी इतरांना सांगत आलो आणि स्वतः परगावी गेलो की विसरत आलो.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या मावसबहिणीचा फोन आला. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिची लेक अॅमस्टरडॅमला नोकरी करते. मायलेकींनी लिस्बनला भेटायचे आणि चार दिवस तिथेच राहायचे, असा बेत ठरला होता.

‘‘तू एवढ्या लोकांना फिरवतोस, मला लिस्बनमध्ये काय बघावं ते सांग की.’’

‘‘अगं अक्का, मी मनमाडच्या पलीकडचं धड बघितलं नाही, लिस्बनचं काय सांगू?’’

भाचीला विचारले, तर तिने लगेच यादी पाठवली. चढावरून कुरकुरत जाणारी २८ नंबरची ट्राम, बेलें भागातले साय भाजल्यासारखे दिसणारे गोड पेढेवजा पाव, आणि तिथल्याच जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर. अक्काने ती यादी वहीत उतरवून घेतली. पुढे व्हिसाच्या कागदांत काहीतरी अडले, तारखा टळल्या, लेकीची रजा संपली आणि वहीचे पान तसेच राहिले.

तेव्हा मी अक्काला म्हणालो, ‘‘त्याची कबर मग बघ. तो जिथं उतरला होता ते गाव आधी बघून घेऊ. आपल्याकडून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे.’’

ही थाप नव्हती. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो १५२४ मध्ये, व्हाइसरॉय होऊन. त्या खेपेला त्याचे पाय आधी चौलच्या बंदराला लागले. मग गोवा, मग कोची, आणि कोचीतच त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी तो वारला. चौलचे पोर्तुगीज शहर म्हणजे आजचे रेवदंडा, अलिबागच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर.

बायकोने विचारले, गोव्यालाच का नको? पोर्तुगीज म्हटले की गोवा, हा आपल्याकडचा ठरलेला हिशेब. पण पणजीत फोंतेन्यासच्या पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे फोटोसाठी नंबर लावावा लागतो, आणि रेवदंड्याशी आपल्या शहराचे जुने देणेघेणे आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी (म्हणजे आपले शहर) वसवली ती निजामशाहीचा वजीर म्हणून. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये त्याने बांधलेल्या भडकल दरवाज्याखालून आपण आजही रिक्षाने जातो. त्या निजामशाहीचे समुद्रावरचे मोठे बंदर चौल. अरबस्तानातले घोडे तिथे उतरायचे. आता शहराला ज्यांचे नाव आहे त्या संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८३ च्या पावसाळ्यात याच रेवदंड्याला वेढा घातला होता. शहर वसवणाऱ्याचे बंदर आणि नाव देणाऱ्याचा वेढा, दोन्ही एकाच गावात. अक्काला हे पटले. तिला खरे तर समुद्र हवा होता, आणि तोही फार चालावे न लागता.

जायचे कसे? पहिला सल्ला दिवसांचा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबागेत उतरतात आणि वडखळ नाक्यावर तास दीड तास सहज जातो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलच्या दत्ताच्या डोंगरावर पाच दिवस यात्रा भरते. यात्रेसाठीच जायचे असेल तर तेव्हा जावे, एरवी ते दिवस टाळावेत. आम्ही पौषात गेलो, आठवड्याच्या मधल्या दिवसांत.

गाडीने निघालात तर आपला पुणे रोडच धरायचा. पुण्याच्या निम्म्या वाटेवर अहिल्यानगर लागते. बहुतेक जण चहा पिऊन पुढे जातात, पण या सहलीत हे गाव चहापुरते नाही. १५२१ मध्ये चौलला किल्ला बांधायची परवानगी पोर्तुगीजांना मिळाली ती इथल्या बुऱ्हाण निजामशहाकडून. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य पुढे याच बुऱ्हाणच्या दरबारी येऊन-जाऊन असे. इथली झाडे, मुळ्या, मसाले, फळे यांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो स्वतःच दुसऱ्या एका वैद्याशी गप्पा मारत सगळे सांगतो. तलवारी चालू असताना नाडीपरीक्षाही चालू होती, ही गोष्ट मला किल्ल्यांपेक्षा जास्त आवडते.

पुण्याच्या बाहेरून निघून खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. पेणला पोह्यांचे पापड घ्यायचे ते परतताना, जाताना घेतले की चुरा होतो. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

गाडी नसेल तर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठावी आणि गेटवेवरून मांडव्याची बोट धरावी. मांडव्याहून अलिबागपर्यंत बोटवाल्यांचीच बस असते. तिथून मुरूडकडे जाणारी एसटी रेवदंड्यावरूनच जाते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. आणि तेवढाही वेळ नसेल, एकाच दिवसात उरकायचे असेल, तर दादरला उतरून विरार लोकलने वसई. सकाळी मुंबईची गर्दी चर्चगेटकडे धावत असते, त्यामुळे उलट्या दिशेच्या डब्यात आपल्याला बसायला जागा मिळते आणि संध्याकाळी परततानाही तसेच. वसईचा किल्ला म्हणजे तटाच्या आत वसलेले अख्खे शहर होते, पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या, आणि त्यांतली एक नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. म्हणजे आपल्याला सर्वांत जवळची पोर्तुगीज वस्तू नाशकातच आहे. वसईकरांनी मराठीला दिलेले एक माणूस मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. वसईला गेलात तर बाजारात सुकेळी मागा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली असतात. मधासारखी लागतात आणि आपल्या हवेत टिकतातही.

पण आम्ही गेलो रेवदंड्याला.

अलिबागहून येणारा डांबरी रस्ता एका ठिकाणी जुना तट फोडून आत शिरतो. बसमधल्या माणसाला वाटते, एखादी पडकी भिंत गेली. प्रत्यक्षात तिथून पुढचे सगळे गाव किल्ल्यात आहे. घरे, वाड्या, विहिरी, एसटीचा थांबा, सगळे पोर्तुगीज तटाच्या आत. आपल्याकडे किल्ला म्हणजे दौलताबाद, चढायचे, घामेजायचे, वर जाऊन पाणी प्यायचे. हा सपाट किल्ला बघून अक्का खूश झाली. ‘‘हा माझ्या गुडघ्यांना मानवला,’’ म्हणाली.

आम्ही नारळ-सुपारीच्या एका वाडीत उतरलो होतो. वाडीचे मालक सत्तरीचे, खांद्यावर पंचा. पोचल्या पोचल्या मी त्यांना आमच्या पाहुण्यांचा ठरावीक प्रश्न विचारला: ‘‘काका, इथं काय काय बघण्यासारखं आहे?’’

त्यांनी उत्तरच दिले नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले आणि विचारले, ‘‘उद्या तिथी काय?’’

‘‘चतुर्थी. संकष्टी आहे,’’ अक्का म्हणाली. उपास तिचाच होता.

‘‘चार पाऊणे तीन. म्हंजे तीनला भरती. सकाळी नऊला सुकती. नऊला तटाच्या बाहेरून समुद्राच्या अंगानं चाला, किल्ला दिसंल. दुपारी गेलात तर नुसती भिंत नि लाटा.’’

चार पाऊणे तीन! पाऊणकीचा पाढा मी चौथीनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. कोकणकिनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्री पाणी चढलेले. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, मोजणी तीच. घड्याळात पाच-पंचवीस मिनिटे इकडेतिकडे होतात, पण सहलीला एवढे पुरते. लिस्बनच्या यादीत असे काही नव्हते. असेलही, पण ते भाचीला सांगणारा कुणी काका तिथे भेटला नसावा.

नऊला आम्ही ओल्या काळपट वाळूवरून चालत होतो. डावीकडे तट, उजवीकडे लांब गेलेले पाणी. या पाण्यात १५०८ मध्ये इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेदा इथेच मेला. तेरा वर्षांनी बुऱ्हाण निजामशहाने त्याच पोर्तुगीजांना किल्ल्याला जागा दिली. व्यापार म्हटला की असे होते. मग १५७० च्या अखेरीला बुऱ्हाणचा नातू मुर्तजा निजामशहा मोठी फौज घेऊन हाच किल्ला घ्यायला आला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता. पाच वर्षांपूर्वी तालिकोटला विजयनगर बुडवणाऱ्या या सल्तनतींना समुद्राकाठच्या दोन पोर्तुगीज शहरांचे काही जमले नाही. महिनोन्‌महिने तोफा चालल्या, १५७१ चा पावसाळा आला, आणि वेढे उठले. संभाजी महाराजांच्या वेळीही हा तट पडला नाही. पण चिडलेला व्हाइसरॉय फोंड्यावर चालून गेला, तिथे मार खाऊन परतला, आणि मराठे गोव्याच्या दारात पोचले. रेवदंडा शेवटी मराठ्यांना मिळाले ते १७४० मध्ये, वसईच्या पराभवानंतर, तहाच्या कागदावर.

आत वाडीत परतताना सातखणी बुरूज लागतो. आहे तो चर्चचा मनोरा, पण गावाने त्याला बुरूज केले. सात खण आता उरलेले नाहीत, तरी माडांच्या वर मान काढून तो उभा आहे. इथे पाटी शोधू नका. माडाखाली सुपारी वेचणाऱ्या बाईला विचारा, ती हात करून दाखवते. वाड्या खासगी आहेत, तेव्हा आत पाय टाकण्याआधी हाक मारावी. आपल्या शेतात कुणी न विचारता शिरले तर आपण काय करतो ते आठवावे.

गावातल्या एका शाळेच्या आवारात रशियन व्यापारी अफनासी निकितीनचे स्मारक आहे. १४७० च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या कितीतरी आधी, तो एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला, आणि परत मिळवताना निकितीनच्या नाकी नऊ आले. परक्या गावात स्थानिक सल्ला न घेता व्यवहार करू नये, याचा इतका जुना दाखला मला दुसरा सापडला नाही. रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉगही आहे. कुलाब्याकडचे हे ‘शनिवार तेली’, शनिवारी घाणा बंद ठेवणारे.

जेवणाचे एक सांगायला हवे. हिवाळ्यात या भागात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा, मीठ, वरून परत पाला, आणि मडके उपडे घालून भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही. आदल्या दिवशी सांगितले तरच मिळते. आम्ही सांगितली ती नेमकी संकष्टीच्या रात्रीची. चंद्रोदय नऊच्या सुमाराला होता. अक्का चंद्राची वाट बघत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसली, आणि आम्ही तिच्यासमोर शेंगा सोलत होतो. मडक्यातला बटाटा तरी खा म्हटले, तर म्हणाली, ‘‘कोंबडीशेजारी शिजलाय तो.’’

तो बटाटा बाकी पोर्तुगीजच. शब्दही त्यांचा, पीकही त्यांनीच आणलेले. आपण जाधववाडीच्या बाजारात भाजीचा लिलाव बघतो, एक तारखेला पगार मोजतो, चावी हरवतो, घमेल्याने वाळू उपसतो आणि पाव खातो, तेव्हा प्रत्येक वेळी एक पोर्तुगीज शब्द उच्चारतो. शब्दांना घाट चढायला वेढे घालावे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोर्लई. रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की समोर समुद्रात घुसलेली लांबट टेकडी दिसते. खाली एकीकडे कुंडलिकेची खाडी, दुसरीकडे समुद्र. निजामशाहीने या टेकडीवर किल्ला उभारला तो समोरचे पोर्तुगीज बंदर तोफांच्या टप्प्यात ठेवायला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी टेकडीच जिंकून घेतली. वरती सावली नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे, दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, प्यायचे पाणी बरोबर घ्यावे. माथ्यावर पडके चर्च, टाके, तोफा आणि वारा. अक्का खालीच थांबली.

आणि खाली थांबून तिने आमच्यापेक्षा जास्त मिळवले. कोर्लई गावातल्या ख्रिस्ती पाड्यात घरोघर जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसारातून झालेली आहे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा मागे राहिली. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ तिच्यावर पुस्तके लिहून गेले. आपल्याकडचे पर्यटक येतात आणि कॅमेरा समोर धरून म्हणतात, ‘‘जरा बोलून दाखवा ना.’’ हे कृपा करून करू नये. कुणी आपल्या दारात येऊन ‘जरा मराठवाडी बोलून दाखवा’ म्हटले तर कसे वाटेल?

मी उतरून आलो तेव्हा अक्का एका ओट्यावर बसली होती. शेजारी तिच्याच वयाची एक बाई मासळी नीट करत होती. आत स्वयंपाकघरातून तिची सून काहीतरी विचारत होती आणि ती मान न वळवता उत्तर देत होती. ती ‘आपली भाषा’ होती. एक अक्षर कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. मीठ किती टाकू, असेच काहीतरी असावे. अक्काशी मात्र ती मराठीत बोलत होती, आमच्यापेक्षा जरा सुबक मराठीत. विषय गुडघ्यांचा चालला होता.

मी जवळ गेल्यावर तिने विचारले, ‘‘कुठून आलात?’’

‘‘संभाजीनगरहून. औरंगाबाद.’’

‘‘म्हणजे वेरूळ तिकडंच ना? आमच्या शाळेची सहल गेली होती, मला ताप आला म्हणून राहिले. तेव्हापासून बघायचं म्हणते. नातू म्हणतो आता नेतो.’’ सुरी बाजूला ठेवून तिने हात धुतले. ‘‘कधी यावं?’’

‘‘मंगळवार सोडून या,’’ मी म्हणालो. ‘‘आणि सकाळी घाई करू नका. जेवून निघा. तीन वाजता कैलासात ऊन येतं.’’

‘‘तीनला,’’ ती म्हणाली, आणि आत सुनेला तिच्या भाषेत काहीतरी सांगितले. सून वही-पेन्सिल घेऊन बाहेर आली. अक्काने तीत आमच्या घराचा पत्ता लिहून दिला, आणि खाली कंसात लिहिले: रिक्षावाल्याने शंभर मागितले तर साठ म्हणावे.